कार्डांची कवचे : पारख, साठवण आणि रवानगी

खेळाडूंची, चित्रांची अथवा पोकेमॉनसारख्या खेळातील कार्डे जमविण्याचा छंद ज्यांनी मनापासून जोपासला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको की, पुठ्ठ्याच्या त्या लहानशा तुकड्याचे मोल त्यावर कोणाचे चित्र आहे यावर जितके अवलंबून असते तितकेच, आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक, त्याचे चार कोपरे, चार कडा आणि दोन पृष्ठे आजवर कोणत्या अवस्थेत टिकली यावर अवलंबून असते. अमेरिकेतील टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या बेसबॉलच्या संचातील मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले. त्याच संचातील, त्याच खेळाडूची, परंतु कोपरे झिजलेली व मधोमध घडी पडलेली कार्डे या किमतीच्या शतांशालाही पोहोचत नाहीत. शाई तीच, पुठ्ठा तोच, छपाईही तीच. फरक पडला तो सत्तर वर्षांच्या जतनाचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या संग्रहात कोटीचे कार्ड नसते हे खरे, पण ज्या कारणांनी कार्ड खराब होते ती कारणे किमतीकडे पाहून येत नाहीत, आणि ज्या कवचाने एका कार्डाचे रक्षण होते त्याच कवचाने दुसऱ्याचेही होते; म्हणून या कवचांची पारख कशी करावी, याचा थोडा सविस्तर विचार येथे करावयाचा आहे.

कवच विकत घेताना ग्राहकाची दृष्टी प्रथम त्याच्या कठीणपणाकडे जाते, आणि विक्रेताही तोच गुण पुढे करतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. प्रथम पाहावयाचे ते हे की, कार्डाच्या अंगाला प्रत्यक्ष लागणारा पदार्थ कोणता आहे. त्यानंतर, कार्डाच्या लांबी, रुंदी व जाडीशी कवच जुळते की नाही. त्यानंतर, त्या कवचात राहून कार्डाला काय करावयाचे आहे, म्हणजे कपाटात स्वस्थ पडावयाचे आहे, वारंवार हाताळले जावयाचे आहे, परीक्षकापुढे जावयाचे आहे की टपालाने दूरचा प्रवास करावयाचा आहे. आणि या तिन्ही प्रश्नांचा निकाल लागल्यावर मग कठीणपणाचा विचार करावा. जाड, भक्कम, वजनदार कवचात घातलेली कार्डे वर्षानुवर्षे हळूहळू नासत गेल्याची उदाहरणे या छंदात विपुल आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ पहिल्या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षात सापडते.

तेव्हा पदार्थाचाच प्रश्न आधी घेऊ. व्यवहारात पीव्हीसी म्हणून ओळखले जाणारे प्लास्टिक मुळात कडक व ठिसूळ असते. त्याला लवचिकपणा यावा म्हणून त्यात तैलस्वरूपाची द्रव्ये मिसळतात, आणि ही द्रव्ये प्लास्टिकाशी रासायनिक बंधनाने जखडलेली नसल्यामुळे कालांतराने पाझरून पृष्ठभागावर येतात. त्यामुळे कवचाच्या आतल्या अंगावर चिकट पापुद्रा जमतो, शाई त्याला चिकटते, आणि एक दिवस कार्ड बाहेर काढू जाता चित्राचा अंश कवचावरच राहून जातो. शिवाय पीव्हीसी जसजसे जुने होते, विशेषतः उष्णतेत, तसतसा त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो व हवेतील ओलाव्याशी मिळून तो आम्लाचे रूप घेतो. कागदाचा आम्लाइतका सावकाश आणि खात्रीने घात करणारा दुसरा शत्रू नाही. १९७० ते १९९० च्या दरम्यान प्रचलित असलेल्या मऊ प्लास्टिकच्या अल्बम-पानांनी असंख्य संग्रह बाधित केले ते याच मार्गाने. नव्या पाकिटातील पिशवीला नव्या रेनकोटासारखा उग्र वास येत असेल, किंवा ती बोटांना किंचित ओशट लागत असेल, तर ती स्वस्त असो वा महाग, कार्डाजवळ येऊ देऊ नये. याउलट पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन आणि पॉलिएस्टर ही तीन प्लास्टिके या दोषांपासून मुक्त आहेत. पुराभिलेखागारांत कागदपत्रे व छायाचित्रे ठेवण्यासाठीही हीच वापरतात. पाकिटावर या तिहींपैकी एकाचे नाव स्पष्ट छापलेले असावे, व सोबत आम्लरहित असा निर्देश असावा. नुसते ‘उत्तम दर्जाचे प्लास्टिक’ एवढेच लिहिले असेल, तर त्या मजकुराने काहीच सिद्ध होत नाही.

याच ठिकाणी आपल्याकडील एका सार्वत्रिक सवयीविषयी सांगणे अवश्य आहे. दाखले, गुणपत्रिका आणि ओळखपत्रे लॅमिनेट करून घेण्याचा शिरस्ता आपल्या घराघरांत आहे, आणि मुलाला मिळालेले मौल्यवान कार्ड सुरक्षित राहावे अशा सद्भावनेने एखादे पालक तेही चौकातल्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणतात. उष्णतेने वितळलेला गोंद कार्डाच्या पृष्ठभागात एकदा उतरला की तो पुन्हा काढता येत नाही, आणि संग्राह्य वस्तू म्हणून त्या कार्डाचे आयुष्य तेथेच संपते. चिकट पानांचे जुने फोटो-अल्बम, सेलोटेप, रबरबँड आणि टाचण्या यांचीही गणना याच वर्गात करावी. रबरबँड तर कडांना खाचा पाडतोच, पण जुना झाल्यावर विरघळून कागदाला चिकटूनही बसतो. जे कवच कार्डाला इजा न होता केव्हाही काढून टाकता येते, तेच खरे कवच.

आता मापाकडे वळू. टॉप्स कंपनीने १९५७ साली आपली कार्डे अडीच बाय साडेतीन इंच या मापाची केली आणि पुढे तेच माप रूढ झाले, म्हणून बाजारात मिळणारी बहुतेक कवचे त्याच मापाची असतात. पोकेमॉन व मॅजिक या खेळांची कार्डेही ६३ बाय ८८ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ तेवढीच असतात. परंतु टॉप्स कंपनीचीच १९५२ ते १९५६ या काळातील कार्डे अष्टमांश इंच अधिक रुंद व पाव इंच अधिक उंच आहेत, आणि नेहमीच्या पिशवीत ती कोंबू गेल्यास कोपरे मोडतात. जपानी यु-गि-ओ खेळाची कार्डे ५९ बाय ८६ मिलिमीटरची, म्हणजे लहान असतात, व मोठ्या पिशवीत ती सैल पडून हिंदकळतात. क्रिकेटप्रेमी संग्राहकांना ज्यांचे विशेष आकर्षण वाटते ती ब्रिटिश सिगारेट-कार्डे तर याहूनही लहान आहेत: विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंचा ५० कार्डांचा संच काढला तेव्हापासून चालत आलेले त्यांचे नेहमीचे माप सुमारे ३६ बाय ६८ मिलिमीटर आहे. रणजितसिंहजींची छबी अशा सिगारेट-कार्डांवर अनेकदा छापली गेली. असे एखादे कार्ड कोणाच्या हाती आले असेल, तर त्यासाठी त्याच मापाची पिशवी व पाने मागवावी, मोठ्या पिशवीत ठेवून निभावून नेण्याचा मोह टाळावा.

लांबी-रुंदीपेक्षाही अधिक घोटाळा होतो तो जाडीच्या बाबतीत. कार्डाची जाडी ‘पॉइंट’मध्ये मोजतात, आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा एक सहस्रांश भाग. पोकेमॉनचे साधे कार्ड सुमारे १२ पॉइंट जाड असते. नेहमीचा टॉपलोडर (वरून तोंड उघडे असलेले कडक प्लास्टिकचे कवच) ३५ पॉइंटपर्यंतच्या, म्हणजे एक मिलिमीटरहून थोड्या कमी जाडीच्या कार्डांसाठी केलेला असतो. आणि खेळाडूच्या पोशाखाचा तुकडा ज्यांत बसविलेला असतो अशी जाड कार्डे १३० व १८० पॉइंटपर्यंतही जातात. त्यासाठी ५५, ७५, १००, १३०, १८० अशा मापांचे होल्डर स्वतंत्रपणे मिळतात. कार्डाहून बरेच जाड माप घेतले, तर कार्ड आत मागेपुढे सरकते व प्रत्येक हिंदोळ्याला कोपरा भिंतीवर आपटतो. कमी माप घेतले, तर घालताना व काढताना कडा घासल्या जातात. कार्डाच्या जाडीला लागून वरचे जे माप मिळेल तेच घ्यावे, आणि पिशवीसकट कार्ड आत जावयाचे असेल तर पिशवीचीही जाडी धरावी. वर्निअर कॅलिपर जवळ असल्यास कार्ड पिशवीत घालून, जबडा हलकेच टेकवून मोजावे. उघड्या कार्डावर धातूचा जबडा कधीही आवळू नये.

या सर्व कवचांत पहिले आणि अपरिहार्य कवच म्हणजे साधी पातळ पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, जिला संग्राहक पेनी स्लीव्ह म्हणतात. कार्डावर पडणाऱ्या बोटांच्या ठशांपासून, धुळीपासून आणि बारीक चरांपासून खरे संरक्षण तीच देते, आणि पुढील कडक कवच कार्डाच्या अंगाला लागू न देण्याचे कामही तीच करते. टॉपलोडर बहुधा कडक पीव्हीसीचा केलेला असतो. त्यात नरम करणारी द्रव्ये अत्यल्प असल्याने तो मऊ पीव्हीसीइतका घातक नाही, तरीही त्याचा कडक पृष्ठभाग उघड्या कार्डावर ओरखडे उमटवतो, म्हणून पिशवी न चढविता कार्ड टॉपलोडरमध्ये घालणे ही या छंदातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगी हलगर्जी होय. पिशवी चढवितानाही घाई करू नये. हात धुऊन कोरडे करावे, पिशवीचे तोंड दोन्ही बाजूंनी किंचित दाबून उघडावे, कार्डाचा एक खालचा कोपरा तिरपा आत सरकवावा व मग दुसरा; कोपरे मोडतात ते बहुधा पिशवीच्या तोंडाशी, या पहिल्या क्षणीच. ज्यांना कार्डांनी प्रत्यक्ष खेळावयाचे आहे, त्यांनी आधी अगदी घट्ट बसणारी आतली पिशवी व तिच्यावर उलट्या दिशेने बाहेरची मजबूत पिशवी चढवावी, म्हणजे एकीचे तोंड दुसरीच्या बुडाने झाकले जाते व धूळ आत शिरण्यास वाट उरत नाही.

पिशवीवर कोणते कवच चढवावे, हे मात्र कार्डाच्या प्रयोजनावर ठरते. दीर्घकाळ साठवण आणि सर्वसाधारण प्रवास यांसाठी टॉपलोडर उत्तम. परंतु कार्ड दर्जा ठरविण्यासाठी एखाद्या ग्रेडिंग संस्थेकडे धाडावयाचे असेल, तर टॉपलोडर बाजूला ठेवून अर्ध-कडक होल्डर, म्हणजे कार्ड सेव्हर या नावाने प्रसिद्ध असलेला प्रकार घ्यावा. कॅलिफोर्नियातील १९९१ साली स्थापन झालेली पीएसए ही संस्था कार्डे अशाच होल्डरमधून मागविते. यामागे सयुक्तिक कारण आहे. परीक्षकाला दिवसभरात कितीतरी कार्डे बाहेर काढावी लागतात, आणि अर्ध-कडक होल्डर दोन बाजूंनी हलका दाबला की त्याचे तोंड उघडून कार्ड न घासता हाती येते. कडक टॉपलोडरमध्ये तसे होत नाही, तेथे ते ओढूनच काढावे लागते. त्यासाठी पिशवीच्या वरच्या कडेला कागदी चिकट-चिठ्ठीची लहानशी पट्टी लावून ठेवावी, म्हणजे कार्ड काढताना त्याच्या कडेला बोट लावावे लागत नाही.

चुंबकाने मिटणारा पारदर्शक होल्डर दिसण्यात सर्वांत देखणा, आणि मेजावर मांडून ठेवण्यासाठी योग्य. अतिनील किरण अडविण्याची ग्वाही पुष्कळ होल्डरांवर छापलेली असते. ती खरी मानली तरी त्याचा अर्थ एवढाच की शाई उडण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. उन्हाच्या खिडकीसमोर मांडलेले कार्ड कोणत्याही होल्डरात फिकट होणारच. त्यास अंधार हाच उपाय. या होल्डरात जाडीचे माप अचूक असणे तर फारच महत्त्वाचे, कारण त्यात कार्ड बहुधा पिशवीविना बसवितात. पूर्वी चार स्क्रू पिळून दोन जाड ॲक्रिलिक फळ्यांमध्ये कार्ड आवळणारे होल्डर फार लोकप्रिय होते, आणि जुन्या संग्रहांत ते अजूनही आढळतात. त्यांच्याविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे: ते घेऊ नयेत, व असतील तर कार्डे त्यांतून हलक्या हाताने मोकळी करावी. स्क्रूच्या दाबाने पुठ्ठा चेपला जातो, पृष्ठभागाचा मूळचा पोत नाहीसा होतो, कधी कार्ड फळीला चिकटून बसते, आणि असे चेपलेले कार्ड ग्रेडिंग संस्था फेरफार झालेले म्हणून नाकारू शकते.

ज्यांना कार्डे पानापानांतून पाहण्याचा आनंद हवा आहे, त्यांनी नऊ खिशांच्या पानांचा बाइंडर अवश्य ठेवावा, मात्र त्याच्या कड्या वाटोळ्या नसून इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या असाव्या. वाटोळ्या कडीवर पाने कुरळून पहिल्या रांगेतील कार्डांवर दाबखुणा उमटतात. बाइंडर उभा ठेवावा व गच्च भरू नये.

आता साठवणीच्या जागेविषयी. आणि येथे महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबई व कोकणातील संग्राहकाची अडचण अमेरिकन संग्राहकाहून अगदी निराळी आहे, हे लक्षात घेतल्यावाचून गत्यंतर नाही. कागदासाठी हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असणे हितकर. जुलै महिन्यात मुंबई-रत्नागिरीकडे ती ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत कागद पाणी शोषून फुगतो, परंतु चकाकणाऱ्या फॉइल कार्डावरचा धातूसदृश थर फुगत नाही, म्हणून कार्ड चकाकीच्या बाजूला आत वळते. उलट फार कोरड्या हवेत कागद आकसून ते विरुद्ध दिशेने वाकते. टॉपलोडरला तोंड उघडे असते, बाइंडरच्या खिशालाही असते, आणि ग्रेडिंग संस्था दर्जा ठरवून ज्यात कार्ड बंद करून देते तो सील केलेला स्लॅबदेखील जलरोधक नसतो. म्हणजे हवेवर ताबा ठेवावयाचा तो बाहेरच्या डब्यातच. झाकणाला रबरी कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहानसे आर्द्रतामापक, एवढी सामग्री पुरते. डबा मात्र पावसाळी दिवशी भरून बंद करू नये, कारण मग बाहेरचीच ओल आत कोंडली जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस, कोरड्या दिवशी भरावा व पावसाळा सरेपर्यंत शक्य तितका कमी उघडावा. जेलचा रंग पालटला की ते सुमारे १२० अंश सेल्सिअसवर ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून नारिंगी जातीचे घ्यावे, आणि मुलांच्या हाती कोणतेच लागू देऊ नये.

डबा कोठे ठेवावा हेही सांगितले पाहिजे. पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत, पत्र्याखालचा तापणारा माळा आणि फरशीवरचा कोपरा या तिन्ही जागा वर्ज्य. आतल्या भिंतीच्या कपाटातला मधला खण उत्तम. कसर कागद व खळ खाते, म्हणून कपाट स्वच्छ असावे. परंतु तिच्या बंदोबस्तासाठी डांबरगोळ्या डब्यात टाकू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके, विशेषतः पॉलिस्टायरीन, मऊ पडून विरघळू लागतात. पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात कार्डे उभी ठेवावी, रांग सैल असेल तर मोकळ्या जागेत फोमचा तुकडा बसवावा, म्हणजे कार्डे कलंडून वाकत नाहीत.

राहता राहिली रवानगी. टपालात कार्डाला तीन प्रकारची इजा संभवते: वाकण्याची, पाण्याची, आणि कवचातून निसटण्याची, आणि बांधणीचा प्रत्येक थर यांपैकी कोणत्या तरी एका इजेसाठी असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे कोणता थर वगळून चालणार नाही हे आपोआप समजते. पिशवीत घातलेले कार्ड टॉपलोडरमध्ये सरकवावे. टॉपलोडरचे तोंड सेलोटेपने बंद करू नये, कारण तिचा गोंद मागे राहतो आणि ती कापताना चाकू कार्डापर्यंत पोहोचू शकतो. रंगकाम करणारे वापरतात तसली, सहज निघणारी कागदी टेप लावावी व तिचे एक टोक दुमडून ठेवावे, म्हणजे घेणाऱ्याला ती नखाने उचलता येते. त्यापेक्षाही बरे म्हणजे संपूर्ण टॉपलोडर टीम बॅग या नावाने मिळणाऱ्या, चिकटपट्टीने मिटणाऱ्या पिशवीत बंद करावा. पाणी व निसटणे या दोहोंचा बंदोबस्त तीच करते. मग टॉपलोडरहून चारी बाजूंनी बोटभर मोठे असे नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन, एकाच्या नाल्या उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या येतील अशा रीतीने त्यांच्यामध्ये तो ठेवावा, कारण नालीदार पुठ्ठा एकाच दिशेने सहज वाकतो व दुसऱ्या दिशेने वाकण्यास विरोध करतो. पुठ्ठे टेपने जोडावे, पण आवळू नये. नंतर बुडबुड्यांच्या अस्तराचे पाकीट, आणि पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकचे आवरण.

साध्या कागदी लिफाफ्यात कडक टॉपलोडर घालून पाठविण्याची काटकसर मुळीच करू नये. यंत्राच्या रुळांतून जाताना लिफाफा फाटतो व टॉपलोडर एकटाच भटकत राहतो. ‘वाकवू नये’ ही सूचना मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहावी, तथापि तिच्या भरवशावर पुठ्ठ्याचा एकही थर कमी करू नये. चुंबकी होल्डर धक्क्याने उघडू शकतो, म्हणून त्याला टीम बॅग वा कागदी टेप अवश्य. आणि स्लॅब किंवा अनेक कार्डे एकत्र असतील तर पाकिटाऐवजी खोके घ्यावे, प्रत्येक नग निराळा गुंडाळावा, व खोके बंद केल्यावर कानाशी धरून हलवून पाहावे. आतून आवाज आला तर ते पुन्हा उघडून मोकळी जागा भरावी. मौल्यवान कार्ड स्पीड पोस्टाने किंवा माग लावता येईल अशा कुरिअरनेच पाठवावे, शक्य तेथे विमा उतरवावा, किंमत खरी लिहावी, आणि बांधण्यापूर्वी कार्डाच्या दोन्ही पृष्ठांची व चारी कोपऱ्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावी, म्हणजे पुढे तक्रार उद्भवल्यास कोणाच्या हाती कार्ड बिघडले याचा निवाडा करण्यास पुरावा राहतो.

ज्यांच्याजवळ आज कार्डे उघडीच पडली आहेत आणि खर्चाची मर्यादा आहे, त्यांनी टॉपलोडर, चुंबकी होल्डर वा बाइंडर यांच्या आधी शंभर साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या आणाव्या, संग्रहातील चांगली कार्डे आधी त्यांत घालावी, आणि बाकीची खरेदी पुढच्या महिन्यावर ठेवावी.